देवदूताची सीट

६ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

काल तू व्यासपीठावरून माझं नाव घेतलं नाहीस म्हणून मंडळीतले लोक तुझ्या मोठ्या मनाचं कौतुक करताहेत. वहिनीने मला लावलेला फोन चालू ठेवून पर्समध्ये टाकला होता, त्यामुळे सगळं प्रवचन मी ऐकलं. (तिच्यावर रागावू नकोस. फोन बंद करायचा राहून गेला असं ती म्हणेल. तू विश्वास ठेव.) आणि नाव घ्यायची गरज तरी काय होती? "ज्या हातांत गाडीचं स्टिअरिंग होतं, त्याच हातांनी आपल्या राखणदाराला जागेवरून उठवलं." मंडळीची मिनीबस माझ्याशिवाय दुसरं कोण चालवत होतं?

अपघात झाला त्या सकाळी तू चर्चच्या दारात उभा राहून आमची वाट बघत होतास. गाडीत काय घडलं ते तुला ऑर्गनवाल्या बाईंनी सांगितलं, आणि त्या कुठलीही गोष्ट दोन पट्ट्या वर चढवून सांगतात. आता माझ्याकडून ऐक.

शहराच्या बसेस त्या दिवशी बंद होत्या. लॉन्ड्रीसमोरच्या थांब्यावर एक बाई खांबाला धरून उभी होती. चपलेचे पट्टे सोडलेले, कारण पाय पट्ट्यांत मावत नव्हते. रात्रपाळी संपवून निघाली होती. तिने हात केला, मी थांबले. "पुढच्या चौकापर्यंत सोडाल का?" एवढंच म्हणाली. गाडीत आपले सगळे म्हातारे-कोतारे, मधल्या वाटेत घडी केलेली चाकाची खुर्ची. एकच सीट रिकामी, दाराजवळची, पांढऱ्या आवरणाची. ती बाई तिथे बसली नाही, दादा. दांडीला धरून उभी राहिली. आरशात मला तिचा गुडघा वाकताना दिसला. मी म्हणाले, "मावशी, बसा."

ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, "अगं ठिणगे, ती जागा त्याची आहे!"

मी म्हणाले, "त्याच्या घरच्यांनी त्याला एवढं वळण लावलं असेल, की पाय सुजलेली बाई दिसली तर उठून जागा द्यावी."

मागे कुणीतरी हसलं. मावशी आवरण चुरगळू नये म्हणून अगदी कडेला टेकल्या. पुढच्या वळणावर एक टेम्पो आडवा आला, मी ब्रेक दाबला. कशाला धडक नाही, काच नाही, कुणाचा चष्मासुद्धा नाकावरून घसरला नाही. फक्त ती एक सीट जमिनीपासून सुटली आणि मावशींना घेऊन पायऱ्यांवर आपटली. पाय दोन ठिकाणी मोडला.

एवढ्यावरून तू सिद्धान्त काढलास. देवदूताची जागा मोडली, म्हणून छत्र गेलं; आणि ज्या बाईने ती घेतली तिलाच शिक्षा झाली.

त्या सीटची गोष्ट तुला मी काय सांगायची? कितीतरी वर्षांपूर्वी बाबा ही गाडी चालवत असताना पुढच्या ट्रकमधला लोखंडी पाइप काच फोडून आत घुसला, तेव्हा मी त्यांच्या मागेच बसले होते. त्या सीटवरच्या शिक्षिकाबाई एका ओकणाऱ्या पोराला पाणी द्यायला त्याच क्षणी मागे गेल्या होत्या. पाइप त्यांच्या रिकाम्या सीटमध्ये शिरला. बाबा भर रस्त्यात गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "इथे आपल्यासाठी कुणीतरी बसलं होतं." नवी सीट बसवली, तिच्यावर पांढरं आवरण चढवलं आणि ती रिकामी ठेवली. बाबांनी ती कृतज्ञता म्हणून ठेवली, दादा. तू तिचा विमा केलास.

पण मी भांडायला लिहीत नाहीये. (ऐकू येतंय मला तुझं हसणं.) ऑर्गनवाल्या बाई संत्री घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. मावशींना संत्री दिली, शुभेच्छा दिल्या आणि सांगून आल्या की तुम्ही ज्या जागेवर बसलात ती देवदूताची होती. तेव्हापासून ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तू जा. पाळक म्हणून जा. तिला सांग की तसं काही नसतं.

तुझी,
ठिणगी


९ फेब्रुवारी, गुरुवार

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मी बेकरीच्या फाटकाशी बॉनेटवर कागद ठेवून लिहितेय. आतून पावाचे क्रेट येईपर्यंत वेळ आहे. हो, बेकरीची गाडी मिळाली चालवायला. मंडळीपेक्षा पाव बरे. वळणावर ओरडत नाहीत.

काल मेकॅनिककडे गेले. आपली मिनीबस त्याने उचलून ठेवली आहे. मला म्हणाला, "ताई, खाली या, दाखवतो." गाडीखाली वाकून पाहिलं. बाकी सगळ्या सीटचे बोल्ट चकचकीत, दर वर्षी आवळलेले. दाराजवळ, त्या एका सीटखाली, पत्रा कुजलेल्या पानासारखा झालाय. बोट दाबलं तर आरपार गेलं. पायऱ्यांवरून येणारं पाणी तिथे मुरत राहिलं आणि ते कुणी पाहिलंच नाही. मेकॅनिक म्हणाला, "मी मागेच विचारलं होतं, ही सीट काढून पत्रा बघू का? तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, तिला हात लावायचा नाही."

मी त्याला म्हणाले, हे कुणाला बोलू नकोस.

तुझं एकट्याचं नाही हे. ते आवरण उचलायला माझाही हात धजायचा नाही, आणि मी तर स्वतःला शहाणी समजते. आपल्या मंडळीत कुणाच्या मनातच आलं नाही, की देवदूताला वजन नसतं म्हणून सीटला बोल्ट लागत नाहीत असं थोडंच आहे. जिथे कुणी बसणार नाही तिथली जमीन कोण तपासतं?

हे मी मंडळीत सांगणार नाही. पण तू मला सांग, आता तरी जाशील ना त्यांच्याकडे?

कारण तिथे प्रकरण बिघडलंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, हाड बसवायला ऑपरेशन लागेल आणि आतली जखम चिघळायला लागली आहे. मावशी सही करत नाहीत. मी कारण विचारलं. चादरीची कड सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "भूल देतात ना गं? भूल दिल्यावर माणूस कुठे असतं? आपला आपल्यावर पहारा नसतो. तेव्हा राखायला दुसरं कुणीतरी लागतं. माझ्या वाट्याचा जो होता त्याला मी उठवून लावलं. आता त्या टेबलावर माझं कोण?"

दादा, ही बाई आपल्या मंडळीची नाही. लहानपणी कुठल्याशा चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला, नंतर कामातून फुरसत मिळाली नाही. तिच्या पदरात देवाचं म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच, की कुणीतरी राखतं. तेच आपण काढून घेतलं. संत्र्यांबरोबर.

"तुमच्या पाळकांनी येऊन म्हटलं, की तो रागावला नाही, तर मी सही करीन," असं ती म्हणाली.

क्रेट आले. जाते.

ठिणगी


१३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. मंडळीचं छापील शीर्ष असलेल्या कागदावर सख्ख्या बहिणीला लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

तर अट अशी: मी येत्या रविवारी उपासनेत उभी राहून कबूल करायचं, की ती जागा देऊन मी चूक केली. मग मंडळीतले वडीलधारे शांत होतील, आणि मग तू मावशींकडे जाशील. "मंडळी एकत्र ठेवणं ही माझी जबाबदारी आहे." वा. म्हणजे एका बाईचा पाय तू ओलीस ठेवलास, आणि वर तुझं अक्षर किती सुरेख!

मी येणार नाही. का ते नीट ऐक. बाबा म्हणायचे, ठिणगीला बोलू द्या, नाहीतर ती पडदे जाळेल.

देवदूत आहेत. माझ्या श्वासाइतकी माझी त्यांच्यावर श्रद्धा आहे. पण शास्त्र उघड आणि मला दाखव, कुठल्या देवदूताने जागा मागितली? भर उन्हात तंबूच्या दाराशी बसलेल्या त्या म्हाताऱ्या कुळपुरुषाकडे तिघे आले तेव्हा ते धुळीने भरलेल्या पायांचे अनोळखी वाटसरू होते. तो धावत सुटला, पाय धुवायला पाणी आणलं, झाडाखाली बसवलं. ही जागा राखीव आहे असं म्हणाला असता तर? वाळवंटात पोराला झुडपाखाली टाकून दूर जाऊन रडणाऱ्या त्या दासीला, घरातून हाकललेल्या बाईला, देवदूताने हाक मारली. तिला तिचं कूळ विचारलं नाही. तुरुंगात झोपलेल्या प्रेषिताला कुशीत ढोसून उठवलं आणि आधी चपला घाल म्हणाला. चपला! इतका त्यांचा जीव माणसांच्या पायांत असतो, दादा.

आणि वाटेत तलवार घेऊन उभा असलेला देवदूत कुणाला दिसला? वर बसलेल्या संदेष्ट्याला नाही. त्याला वाहून नेणाऱ्या गाढवीला. ती थांबली म्हणून त्याने तिला बडवलं. मी मंडळीची इतकी वर्षं ओझी वाहिली. निदान तेवढा मान मला दे.

अजून एक. तू प्रवचनात ज्या स्तोत्राच्या आधारावर बोललास, देवदूत तुला राखतील असं सांगणाऱ्या त्या स्तोत्राचा दाखला प्रभूला कुणी दिला होता? मंदिराच्या कडेवर उभं करून, टाक उडी, झेलतील तुला, असं कोण म्हणालं? तो मोहात पाडणारा सैतान. स्तोत्र त्यालाही तोंडपाठ होतं. राखण हक्काची म्हणून वापरायला निघालं, की माणूस त्याच्या शेजारी जाऊन उभं राहतं. आपण सगळे त्या कडेवर उभे होतो, गंजलेल्या पत्र्यावर, पांढरं आवरण घालून.

मी चूक केली नाही. तिचे पाय सुजले होते.

ठिणगी


१५ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

परवाचं पत्र फाडून टाक म्हणणार नाही, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण मी रविवारी येते.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या नातेवाईक का?" मी हो म्हणाले, काय बोलणार. त्या म्हणाल्या, "औषधांवर मी पुढच्या गुरुवारपर्यंत थांबू शकते. त्यानंतर पाय वाचवण्याचा विषय राहणार नाही, कुठून कापायचा हा विषय असेल."

त्याआधी मी माझी अक्कल लढवून पाहिली होती. मावशींना समजावून सांगितलं. पत्रा गंजला होता, बोल्ट सुटले, देवदूताचा यात काही संबंध नाही. वाटलं, आता मोकळ्या होतील. त्या म्हणाल्या, "गंज कुठे नसतो बाई? लॉन्ड्रीत आमचं आख्खं छत गंजलंय. पण त्याच दिवशी, त्याच सीटला, माझ्याच खाली का?" एवढी पुस्तकं वाचली आणि एका 'माझ्याच खाली का'पुढे मुकी झाले.

मग त्यांनीच विषय बदलला. "ते आवरण कोण धुतं गं?" मी म्हणाले, "माझा भाऊ. दर शनिवारी. इस्त्रीही स्वतःच करतो." "कड अशी सरळ होती, की बसवेना. आमच्याकडे एवढं मन लावून हल्ली कुणी करत नाही." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला.

तर मी येते. उभी राहते आणि तुझं वाक्य म्हणते. खोटं एकच वाक्य, त्याबदल्यात एक पाय. देव मला विचारेल तेव्हा मी त्याला हिशेब देईन, तू मधे पडू नकोस. फक्त तू त्याच दिवशी तिच्याकडे जा. त्याच दिवशी.

आणखी एक गोष्ट, कुणाला बोलू नकोस. बेकरीच्या गाडीत माझ्या शेजारची सीट मी अजून रिकामी ठेवते. पिशवीसुद्धा मागे टाकते. परवा गोदामावरच्या माणसाला जरा पुढे सोडायचं होतं, तर मी त्याला क्रेटशेजारी मागे बसवलं. तो म्हणाला, "पुढे कुणी येणार आहे का?" मी म्हणाले, "सीट मोडकी आहे." मोडकी नव्हती.

ठिणगी


१९ फेब्रुवारी, रविवार, दुपार

दादा,

तू तिथेच होतास, सगळं पाहिलंस. पण व्यासपीठावरून माणसांची डोकी दिसतात. माझ्या बाजूने ऐक.

मी पहिल्या बाकापाशी उभी राहिले. वाक्य पाठ केलं होतं. एरवी ज्या चर्चमध्ये माझा आवाज शेवटच्या भिंतीवर आपटून परत येतो तिथे मी पुटपुटले, "मी चूक केली. जी जागा माझी नव्हती ती मी दुसऱ्याला दिली."

झालं होतं. तू मान हलवलीस. ऑर्गनवाल्या बाईंनी बोटं पट्ट्यांवर ठेवली. तेवढ्यात घंटाआजोबा. आयुष्यभर घंटा वाजवून कान गेलेला माणूस, आपण हळू बोलतोय असं समजून ओरडला, "काय म्हणते ही?"

"चूक केली म्हणते!" बाई त्यांच्या कानात.

"कुणी?"

"तिनेच!"

"मग तिला माईक द्या की!"

सगळे हसले, आणि तूही म्हणालास, पुन्हा सांग, जरा मोठ्याने. दादा, तेवढं म्हणाला नसतास तर आत्ता तू दवाखान्यात असतास.

मी दुसऱ्यांदा म्हणाले. मोठ्याने म्हटलं की वाक्य आपलं आपल्यालाच ऐकू येतं. "मी चूक केली. त्या बाईंना मी देवदूताच्या जागेवर बसवलं."

आजोबा उभे राहिले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, खरंच विचारत होते. "पाय सुजले होते ना तिचे? मी गाडीत मागच्याच बाकड्यावर होतो, पाहिले मी. मग काय उभी ठेवायची होती?" कुणी बोलेना. "मला ऐकू येत नाही म्हणून विचारतो. उभी ठेवायची होती का?"

आणि सगळी मंडळी माझ्याकडे वळली.

मी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायला. देवाशप्पथ. मावशींचा पाय डोळ्यांसमोर होता. आणि तोंडातून निघालं, "नाही, आजोबा. बसवलं ते बरोबर केलं. पुन्हा बसवीन."

तू शास्त्र मिटलंस. तो आवाज मला अजून ऐकू येतोय.

आता मी माझ्या खोलीत येरझाऱ्या घालतेय, हे टेबलापाशी उभ्यानेच लिहितेय. बसले की पुन्हा उठावंसं वाटतं. माझ्या जिभेने एका बाईचा पाय घालवला. खरं बोलून घालवला, हे आणखी वाईट. खोटं बोलायचं ठरवून आले आणि तेवढंही धड जमलं नाही. अट मी मोडली. कबूल. तुला यायचं बंधन नाही. म्हणून आता अटीशिवाय मागते, हात पसरून मागते: ये. मला नंतर मंडळीतून काढून टाक, माझ्याशी बोलू नकोस, बाबांच्या पुस्तकांतलं एकही देऊ नकोस. पण तिला एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. चारच दिवस राहिलेत.

ठि.


२१ फेब्रुवारी, मंगळवार

दादा,

तू आला नाहीस. पण काल दुसरंच कुणी आलं.

घंटाआजोबा. एकटे, काठी टेकत. वॉर्डाच्या दारात उभे राहून असे ओरडले, की पलीकडच्या खाटेवरची मुलगी दचकली. "सीटवर बसलेल्या बाई कोणत्या?"

मावशींनी हळूच हात वर केला, वर्गात करतात तसा.

आजोबा स्टुलावर बसले. पाणी प्यायले. "मी एक विचारायला आलोय. रविवारी तिथे कुणी नीट सांगेना."

"विचारा की," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"विचारा!"

"तुम्ही बसलात तेव्हा तो उठला का?"

"कोण?"

"ज्याची जागा होती तो."

"मला काय दिसतंय, आजोबा!" मावशींचा आवाज कापरा झाला. मी मधे पडणार होते.

"दिसला नाही ना? मग उठला असं कुणी सांगितलं? हे सगळे म्हणताहेत उठला, उठला. मी घंटा वाजवायचो तेव्हापासून त्याला ओळखतो. इतक्या थोरामोठ्यांनी त्याला तिथे बसवलेलं, तो असा कुणी आलं म्हणून पटकन उठून जाईल? अहो, तो बसलेलाच होता." आजोबांनी काठी आपटली. "तुम्ही त्याच्या मांडीवर बसलात."

मग मावशी म्हणाल्या, "अगंबाई! या वयात!"

आणि हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसताना पाय हलला तशी कळ आली, "आई गं" म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. पलीकडची मुलगी हसली. सिस्टर रागवायला आली आणि कारण कळल्यावर पाठ फिरवून खांदे हलवत उभी राहिली. आजोबांना कळेना, काय झालं, ते आपले विचारताहेत, "मी काही चुकीचं बोललो का?"

हसणं ओसरलं. मावशींनी पदराने डोळे पुसले. मग हलक्या आवाजात, "मग मी आपटले तेव्हा मधे तोच असेल का हो?"

"काय?"

आणि दादा, एवढी खाजगी गोष्ट त्या बाईला ओरडून विचारावी लागली. "मधे तोच असेल का!"

"मग! नाहीतर डोकं आपटलं असतं. मी पाहिलं ना. डोकं पायरीपासून एवढ्याशावर राहिलं." आजोबांनी बोटांनी अंतर दाखवलं.

माझ्या जिभेवर आलं होतं, की याला शास्त्रात आधार नाही. मला दहा मुद्दे सुचले, तू असतास तर तुला वीस सुचले असते. मी ते सगळे गिळले. आयुष्यात पहिल्यांदा मी एका खोलीत गप्प बसले आणि मला त्याचा त्रास झाला नाही.

मावशी म्हणाल्या, "सिस्टर, आणा तो कागद. कुठे करायची सही?"

गुरुवारी सकाळी ऑपरेशन. तुला बोलावण्याचं कारण संपलं. तरी लिहितेय, का ते मला माहीत नाही. कदाचित यासाठी, की वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू रोज दुपारी घरभेटींना जातो म्हणून निघतोस, आणि ज्यांच्या घरी जायचं त्यांचे फोन येतात की पाळक आलेच नाहीत.

ठिणगी


२३ फेब्रुवारी, गुरुवार, दवाखाना

दादा,

हा कागद वॉर्डातल्या मामांच्या हाती खाली पाठवतेय. तू कुठे आहेस ते मला माहीत आहे. जिन्याच्या खिडकीतून तू मला दिसतोयस, आवारातल्या बाकावर, कोटाच्या खिशात हात घालून. मान वर करू नकोस, आधी वाच.

सिस्टरने आज सांगितलं. शनिवारपासून एक उंच माणूस दुपारी वॉर्डाच्या काचेच्या दारापर्यंत येतो, आत बघतो आणि जातो. तिला वाटलं, मावशींचा मुलगा असेल, काही भांडण असेल. म्हणजे मी तुझ्या अटीवर जळत होते तेव्हा तू दारापर्यंत येऊन गेला होतास. मला हे कळलं तेव्हा मी तुझ्यावर इतकी चिडले, की दोन जिने उतरले, अर्ध्यात थांबले आणि परत वर आले. आता राग नाही. थोडा आहे.

मला कळतंय तू आत का येत नाहीस. तू देवदूताला घाबरत नाहीस. तू त्या पत्र्याला घाबरतोस. ती विचारेल, साहेब, तुम्ही मेकॅनिकला हात का लावू दिला नाही, आणि तुझ्याकडे प्रवचन नसेल.

तिला माहीत आहे. आज सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी मी तेही सांगितलं, कारण मला लपवाछपवी जमत नाही हे तू रविवारी पाहिलंसच. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "रागावले मी. रागावणारच. पण त्याला म्हणावं, समोर येऊन ऐकून घे." एवढंच. तिने माफ केलं की नाही मला माहीत नाही, आणि मी तुला खोटा दिलासा देणार नाही. ते तुमचं दोघांचं आहे.

भूल द्यायला नेताना तिने माझा हात धरला होता. टेबलापर्यंत मला जाऊ देईनात. दाराशी हात सुटला तेव्हा ती मला म्हणाली, "तू जा गं, चहा पी. माझी सोय आहे."

पाय वाचला, दादा. डॉक्टरीणबाईंनी आत्ताच येऊन सांगितलं. आत दोन धातूच्या पट्ट्या, खूप स्क्रू, आणि काठी कायमची लागेल. पण पाय तिचाच.

आता ती अर्धवट शुद्धीत आहे, कण्हतेय, कूस बदलायची म्हणतेय. कूस बदलायला तिघं लागतात: एक डोक्याशी, एक पाठीला आणि एक तो पाय अधांतरी धरून ठेवायला, तसूभरही न हलवता. दुसरी सिस्टर खालच्या मजल्यावर अडकली आहे. इथे आम्ही दोघीच आहोत.

तुझे हात स्थिर आहेत. वर ये.

ठिणगी